गुरुवारची स्नोपँट

— नाही हो काकू, अडचण कसली, बसा आरामात, हीटर तुमच्या बाजूला वळवते. त्या खांबापाशी एकट्याच उभ्या दिसलात म्हणून हॉर्न दिला, दचकलात ना? शाळा सुटायला वीस मिनिटं आहेत अजून, तुमची नात काही एवढ्यात बाहेर येत नाही. पिशवी ठेवा ना मागच्या सीटवर — नको? बरं, असू द्या मांडीवर, रिकामीच दिसतेय तशी. मी? मी पावणेदोनपासून आहे इथे. हो, दीड तास होत आला. हसू नका. इलाचा इनहेलर घरी राहिला होता, तो द्यायला आले — म्हणजे, श्रीरंगला ऑफिसात फोन करून असंच सांगितलंय. खरं तर इनहेलर तिच्या दप्तरातच आहे. हा दुसरा. तिसराही आहे, इथे, कप ठेवायच्या खणात. तर आले कशाला? घरी बसवेना, दर गुरुवारी असंच होतं. पण आता हे पत्र द्यायचंय. शाळेच्या ऑफिसात नेऊन स्वतःच्या हातानं द्यायचं, मुलीच्या दप्तरात आता घालायचं नाही. का, ते सांगते.

तुमच्या नागपूरच्या शाळेत पीटीचा तास कसा असायचा? आमच्याकडे पुण्यात मैदानावर चार थेंब पडले की गणिताच्या बाई आनंदानं वर्गात यायच्या, तास गेला. आणि इथे? गुडघ्याएवढा बर्फ पडलाय, नाकातलं पाणी गोठतंय, आणि ही मिस हॉफमन शिट्टी वाजवत बावीस पोरांना घेऊन मैदानात! बुटांखाली त्या रॅकेटसारख्या फळ्या बांधायच्या — स्नोशूज — आणि बदकांसारखं चालायचं. दुसरीतली पोरं! शाळेचा नियम आहे म्हणे, पारा अमुक अंशाच्या खाली गेला तरच आत. अमुक अंश कुणी ठरवला? ज्याच्या मुलीला न्यूमोनिया झाला नव्हता त्यानं ठरवला. इला पाच वर्षांची होती, आम्ही नेपरव्हिलला नुकते आलो होतो, पहिलाच हिवाळा — चार दिवस हॉस्पिटलात होती. ती छाती कशी आत जायची श्वास घेताना, तुम्हाला नाही सांगत, उगाच. तेव्हापासून मी तिला बर्फात सोडलेली नाही. या वर्षी हे पीईचं — पीटीला इथे पीई म्हणतात — सुरू झालं तसं दर गुरुवारी सकाळी पत्र लिहून देते — काइंडली एक्सक्यूज माय वॉर्ड. श्रीरंग म्हणतो, हे पत्र आहे की तहसीलदाराला अर्ज? असू दे. पीईच्या वेळी ती लायब्ररीत बसते, निदान मी तसं समजत होते. घरी आली की विचारायचे, काय वाचलंस ग आज? 'पेंग्विन्स.' पुढच्या गुरुवारी? पेंग्विन्स. पाच गुरुवार पेंग्विन, काकू! आणि मी काय केलं? गावातल्या लायब्ररीतून पेंग्विनची आणखी तीन पुस्तकं आणून दिली. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, विद्यापीठात दुसरी — आणि पेंग्विनचा संशय नाही आला मला.

आज इथे पोचले आणि सरळ आत जाणार होते, लायब्ररीत तिला एकदा बघून यायला. तेवढ्यात वर्ग बाहेर आला, म्हटलं बघू तरी, आपली मुलगी कशातून वाचतेय ते. तुमची स्वानंदी लगेच ओळखू आली, तो जांभळा कोट. आणि वसुधा — बर्फात गुडघे टेकून पोरांच्या फळ्यांचे पट्टे बांधत होती. वसुधाबद्दल मला काहीच म्हणायचं नाहीये हं काकू, तुमची मुलगी आहे, मला धाकट्या बहिणीसारखी — बहिणी नसतात का एकमेकींच्या डोळ्यांत खुपत? तशी. नोकरी करते, घर बघते, आणि गुरुवारी जेवणाची सुट्टी पुढे ढकलून शाळेत मदतीला येते. माझ्याकडे अख्खा दिवस असतो. व्हिसावर लिहिलेलंच आहे ना, की मी काही करायचं नाही. मदतनीस पालकांचा फॉर्म मलाही आला होता. त्यात प्रश्न होता, थंडीत तासभर बाहेर उभं राहायची तयारी आहे का. मी 'नाही'वर खूण केली, मग ते वाईट दिसेल असं वाटलं, म्हणून फॉर्मच फाडून टाकला.

तर त्या पोरांत एक होतं पिवळ्या स्नोपँटमधलं. काय सांगू तुम्हाला! कुंपणापर्यंत धावत यायचं, फळीत फळी अडकवायचं, तोंडावर पडायचं, आणि पडल्या पडल्या हसायचं. तोंडातून वाफ, टोपी डोळ्यांवर, कान उघडे. मी इथे काच पुसून पुसून बघत होते. म्हटलं, कुणाचं असेल हे? याची आई कशी असेल? सकाळी उठून हवामान न बघणारी. नेबुलायझर म्हणजे काय ते न माहीत असलेली. मला इतका हेवा वाटला तिचा — वसुधाचा वाटतो तेवढा — नाही, म्हणजे — जास्तच. मग ते पोर पुन्हा पडलं, टोपी उडाली, आणि खाली दोन वेण्या. लाल रिबिनी. सकाळी मी घातलेल्या.

हॉर्न वाजवणार होते. हात ठेवलाही होता. तेवढ्यात वसुधा आली, तिचा सुटलेला पट्टा बांधायला खाली वाकली, आणि इलानं तोल सांभाळायला तिच्या गळ्यात हात टाकले. पट्टा बांधून झाला तरी काढले नाहीत. माझ्याकडे बुटांची नाडी बांधून घेताना ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असते. मी एका बुटाला किती वेळ लावते ते मोजते, मला माहितीये. तोल तिचा माझ्याजवळ कधी जातच नाही — जाऊच देत नाही ना मी.

म्हणजे पत्रं इलानं दिलीच नाहीत कुणाला. आणि वसुधा? तिला कळलं नाही? एक फोन करता आला नसता, की अग, तुझी मुलगी बाहेर खेळतेय? रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात बसून मुटकुळे खाल्ले तिनं! पँट तरी कुणाची? मी घेतलेली नाही. इला कुंपणाशी पालथी पडली ना, तेव्हा पाय वर — चांगली चार बोटं दुमडून टाके घातलेत खालून, पिवळ्यावर निळ्या दोऱ्याचे, एकसारखे. मोजून, माप घेऊन घातलेत. माझ्या मुलीच्या पायाचं माप! म्हणून मी आता नवीन पत्र लिहिलंय, इथेच, स्टिअरिंगवर ठेवून. कुठल्याही परिस्थितीत बाहेर न्यायचं नाही. खाली दोनदा रेघ. हे एकदा ऑफिसात दिलं की संपलं, बघू कोण नेतं तिला — काय? खोकला? नाही. नाही झाला. पाच आठवड्यांत एकदाही नाही, आता तुम्ही विचारलंत म्हणून. पण मुद्दा तो नाहीये काकू. — मुद्दा काय आहे, हे मला नका विचारू. मला वाटलं होतं तिला श्वास घेता येत नाही. येतो. मला न विचारता येतो.

मघापासून मीच बोलतेय. वसुधाला सांगू नका हं हे सगळं — म्हणजे हेव्याचं. बाकीचं सांगा. नको, तेही नको. आणि निळा दोरा म्हणते मी, वसुधाला साधं बटण लावता येत नाही, तीच म्हणते, मग ते टाके —

घंटा झाली. आली बघा पोरं. ती काय इला, सगळ्यात पुढे. पँट गुंडाळून काखेत, बूट हातात. कशी राजरोस! बसच्या रांगेकडे नाही जात — खांबाकडे का चाललीय? थांबलीय. इकडेतिकडे बघतेय. कुणाला शोधतेय काकू ती?

पिशवी.

दर गुरुवारी, ना? घरी नेऊन धुवायची, वाळवायची, पुढच्या गुरुवारी परत. आणि माप? — अच्छा. स्वानंदीच्या वाढदिवसाला. माझ्याच समोर. मला वाटलं तिची उंची किती वाढली ते बघताय.

नाही, रडत नाहीये, हीटरनं होतं डोळ्यांना असं. तुम्ही उतरा काकू. रागावून नाही म्हणत, खरंच उतरा, स्वानंदी आली, तिला घेऊन जा. इलाला सांगा, गाडी इकडे आहे. पिशवी राहू द्या इथेच. पँट आज मी वाळवते. — आणि बूट? ते कसे वाळवता तुम्ही? कागद कोंबून? आहे. आहे कागद माझ्याकडे. जा तुम्ही, दार ओढून घ्या, थंडी येतेय.