लोडरची हाक

हसू नका, पण एकाहत्तरच्या लढाईतला सेंच्युरियन रणगाडा मी जळगावात एकट्याने बनवलाय. कॉम्प्युटर क्लास काढला होता, शिकायला कुणी फिरकत नव्हतं. मग बसल्या बसल्या रणगाड्यांच्या लढाईचा गेम लिहिला, त्यात हा सेंच्युरियन घातला आणि तपासायला अमळनेरहून ओळखीतल्या निवृत्त फौजी नानांना बोलावलं. नानांनी त्या लढाईत खऱ्या सेंच्युरियनची तोफ चालवली होती.

समोरून शत्रूचा रणगाडा आला. नानांनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"नाना, मारा की!"

"लोडरनी हाक नही उनी अजून."

शत्रूने आम्हाला उडवलं. पुन्हा खेळलो, पुन्हा उडवलं.

"अहो नाना, गेममध्ये हाक द्यायला लोडर नाहीये. गोळा आपोआप भरतो."

"मंग डायवर? साहेब?"

"कुणीच नाही. आत तुम्ही एकटेच."

"एकला तं मी घरमा बी शे," नाना म्हणाले आणि उठायला लागले.

मला काय सुचलं कोण जाणे. त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि लष्करी थाटात ओरडलो, "लोडेड!"

नाना दचकून मागे वळले. माझं तोंड न्याहाळलं.

"आमना लोडरना आवाज असा नही व्हता," ते म्हणाले. "चालीन." परत खाली बसले, बटणावर बोट ठेवलं. "पन हात काढ, भाऊ. गोळा सुटना का तोफ मांगे येस."

शपथेवर सांगतो, खुर्चीच्या पाठीवरचा हात मी झटकन काढून घेतला.