कुवाबारासानसाठी कादंबरी

जपानमधल्या सेंदाई शहरात, पुस्तकांच्या एका दुकानात पैसे द्यायची रांग हळूहळू सरकत होती. निवृत्त शिक्षिका शिओमीबाईंच्या पुढे गणवेशातली एक मुलगी आणि टाय लावलेले एक गृहस्थ उभे होते. बाईंचे कान आपोआप टवकारले.

“मिनोरी, ही तर पाचवी-सहावीतल्या मुलांची कादंबरी. तू आठवीत आहेस ना?”

“माझ्यासाठी नाहीच आहे, कुवाबारासान. तुमच्यासाठी आहे.”

“मला? अगं, एवढा घोडा झालोय मी!”

“तुम्हीच आईला म्हणालात ना, हिच्याशी काय बोलावं तेच कळत नाही. मग वाचा.”

“आहे तरी कशावर?”

“एका मुलीची आई दुसरं लग्न करते. नवा माणूस घरी राहायला येतो आणि तुमच्यासारखंच रोज विचारतो, आज शाळेत काय झालं?”

“मी रोज विचारतो?”

“रोज! सूप वाढता वाढता.”

“बरं... ती मुलगी शेवटी त्याला बाबा म्हणते का गं?”

“शेवट कुणी विचारतं का!”

“एवढं एकच सांग.”

“मलाच कुठे माहितीय? शाळेत सकाळी दहाच मिनिटं वाचायला देतात. माझी निम्मीच झालीय.”

शिओमीबाईंना शेवट ठाऊक होता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“कागदी कव्हर घालू का?” गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं.

“घाला बुवा. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचणार आहे.”

“आणि खुणेची पट्टी?”

“दोन द्या,” मिनोरी म्हणाली. “आम्ही दोघं वाचणार आहोत.”