सलाईनची तिसरी सुई

एक कप चहा पाजला की लगेच किस्सा सांगायचा का? सतरा वेळा ऐकलाय, तरी तुमचं समाधान नाही. ऐका मग.

मी नंदुरबारला दवाखान्यात पडलो होतो. सलाईन लावायला धडगावकडची एक पोरगी आली. नर्सिंग पास झालेली, पण सहा महिने मोठ्या सिस्टरच्या हाताखाली शिकायला ठेवलेली. तिनं सुई टोचली, नस सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचली, हात सुजला. माझा पोरगा सगळ्या वॉर्डासमोर ओरडला, "शिकायला माझाच बाप सापडला का? चालती हो!"

पोरगी ट्रे उचलून निघाली.

मी म्हटलं, "थांब वं पोरी. दुसरा हात शे ना!"

"आबा, तुम्हाला काही कळत नाही," पोरगा म्हणाला.

"तू ट्रॅक्टर शिकना तवय मन्ह्या वाळेल मिरच्यासवर घाला. मी तुले खाले उतारं का? बाजूले बठेलच व्हतू ना?"

सगळा वॉर्ड हसला. मोठी सिस्टर पोरीच्या मागे येऊन उभी राहिली. "घाई नको. आधी बोटानं चाचपून बघ."

तिसरी सुई बरोबर बसली.

नव्या नर्सला असंच शिकवायला पाहिजे. पुस्तकातली नस जागेवर असते, म्हाताऱ्याच्या हातातली पळते.

पोरीची आणि माझी माफी मागायचं अजून कोणाचं राहिलंय? हा काय, कपात तोंड घालून बसलाय, तोच पोरगा, आमचा सुनील.