मालकांचा व्हिडिओ

निकालाच्या दिवशी एसटी वेळेवर येत नाही. इतर दिवशीही येत नाही, पण त्या दिवशी निदान कारण असते. कोल्हापूरच्या स्टँडवर वीरेश पेपर उघडून बसला होता. पलीकडे एक म्हातारी आणि गुलालाने माखलेला कार्यकर्ता बोलू लागले आणि पेपर वाचायचा राहिला.

"मावशी, निकाल ऐकाय आलतासा व्हय?"

"न्हाय बा. कचेरीत आलतो. म्हाताऱ्यांचं मत घरी येऊन घेत्यात न्हवं? आमच्या मालकांचं घेतलं. व्हिडिओ बी काढला."

"मग?"

"आठव्या दिवशी मालक गेलं. म्हटलं, तेवढा व्हिडिओ द्या."

"दिला?"

"सील झालाय म्हनं. मत गुप्त असतंय."

"नियम हाय की त्यो."

"मत ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं. मत द्यायच्या आधी सायबानं इचारलं, 'ह्या कोण?' तवा ह्येंनी माझं नाव घेतलं. साठ वर्सांत पयल्यांदा. तेवढंच ऐकायचं हुतं."

कार्यकर्त्याने उगाच गुलाल झटकला.

"तुमचं कोन आलं का निवडून, पावणं?"

"आलं की! एकवीस हजारांनी!"

"मग ह्येंच्या एका मतावर काय अडलं न्हाय. तुमच्या सायबास्नी सांगा, तेवढा व्हिडिओ द्या म्हनावं."

"सांगतो. नाव काय सांगू, मावशी?"

"तानाबाई."

म्हातारीने नाव पुन्हा एकदा, हळू म्हणून बघितले.

"तानाबाई... न्हाय. त्येंनी असं न्हवतं म्हटलं."