पाच घोडे, तीन माणसं

दुर्गाबाई : पाच घोडे हायेत चाँदबी, पाच! आन आपली तीन माणसं बाजरीत दडलेली. कुनाकुनाकडं बघू मी?

चाँदबी : आवाज खाली कर. आपण दोघी रानातल्या माळ्यावर पाखरं हाकून राह्यलो, बस. रजाकारांना एवढंच दिसू दे.

दुर्गाबाई : जकातीचा नाका जाळला आमच्या ह्यांनी आन रामकिसनभावजीनं. माझ्या सासूनं काय केलंय? तिला कशाला हुडकतेत?

चाँदबी : तुझ्या नवऱ्याची, पुंजारामाची माय हाय, म्हणून. तिघांना बराबर सांगितलंय ना? होऽ म्हणलं की बसायचं, गोफण वाजली की ओढ्याकडं पळायचं.

दुर्गाबाई : सांगितलंय गं. पन एकाकडं बघितलं की दुसरा निसटतो.

चाँदबी : एकाकडं बघूच नको. मधी नजर ठेव, कडंचे आपोआप दिसतात. बकऱ्या मी अशाच राखते. घोडे मी बघते, तू माणसं बघ. तेवढे बाभळीकडचे दोन तांबडे तू नजरेत धर.

दुर्गाबाई : होऽऽ! होऽऽ! ...बसले. चाँदबी, तांबडे बाभळीमागं गेले. बंदुकवाला त्यातच हाय.

चाँदबी : बाहेर कोन आला?

दुर्गाबाई : एकच. बंदूक न्हाई त्याच्याकडं. दुसरा कुठंय? हरवला गं माझा!

चाँदबी : गोफणीला हात लावू नको. (खाली वाकून) सलाम भाई! कोई नै, हमीच दो औरतां हैं. चिड़ियां उड़ारे.

दुर्गाबाई : ...गेला?

चाँदबी : वळला. बाकीचे बी त्याच्यामागं निघाले. मोज.

दुर्गाबाई : दोन... चार... पाच. टेकडीपल्याड गेले.

चाँदबी : मंग वाजव गोफण. जल्दी!

दुर्गाबाई : हे उतरले ओढ्यात. भावजी बी उतरले. आन सासू? चाँदबी, सासू दिसंना!

चाँदबी : मी घोडेच बघत होते, दुर्गा.

दुर्गाबाई : तो घोडा हुडकता हुडकता मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. बाजरीच्या कोनत्या तासात होती, ते बी ध्यानात न्हाई. आत्याबाई! ओ आत्याबाई!

सोनूबाई : वरडू नको गं. हितंच हाय, माळ्याखाली.

चाँदबी : सोनूमावशी! तुम्ही पळालाच न्हाई?

सोनूबाई : पाय उचलंना. खांबाला धरून बसले.

दुर्गाबाई : मंग बंदुकवाला येताना तुमाला दिसला आसंल! मला सांगायचं की. माझा जीव चालला होता वर.

सोनूबाई : दिसला की. माळ्यामागनं गेला, घोड्याचं शेपूट फिरलं माझ्या तोंडावरून. पन तू माझ्या दोघा लेकरांकडं बघत होतीस. म्हणलं, मधी बोलले तर तुझी नजर हालंल.