अचलपूरहून आलेला सल्ला

अकोल्यात गयासुद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजात माझी स्कूटर नंबर लावून उभी होती, आणि तिच्याशेजारी मी.

"जुनी गाडी माणसापेक्षा इमानदार असते, मिस्त्री. कधी दगा देत नाही."

"मंग ढकलत काहून आणली, देवीदासभाऊ?"

"पुढचं चाक जाम झालं. ब्रेक सोडला तरी डिस्कले धरूनच राह्यते. दोन वर्षं घालवली हिले नवी कराले!"

"पाहू द्या. अरे, ब्रेकातले रबर फुगले ना! पिस्टन मागं सरकतच नाही. पेट्रोलनं धुतले का?"

"धुतले नाही, दिवसभर भिजवले."

"या अल्ला! कोन्या गाढवानं सांगतलं?"

"मोठ्या भावानं. अचलपूरहून."

"तो तर सोता मिस्त्री हाये! त्याले मालूम नाही?"

"बाबानं गाडी मले देल्ली, तवापासून आठ वर्षं बोलला नव्हता. परवा मीच फोन केला, त त्यानं उचलला. चांगलं समजावून सांगतलं. मले वाटलं, राग गेला."

"जाऊ द्या, भाऊ. नवे रबर टाकतो. घंट्याभरात चाक भिंगरीवानी फिरन."

"टाका. पन गाडी सुधरली हे त्याले सांगू नका. संध्याकाळी पुन्हा विचाराले फोन करतो म्हनलो त्याले."