मागच्या सीटवरची पोती

फिजिओथेरपिस्टकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान शेजारच्या बाकाला लागले होते. तिथे नव्या गाड्या चालवून पाहणारा, कमरेला पट्टा बांधलेला ड्रायव्हर बसला होता आणि त्याला घेऊन आलेली तरुण इंजिनिअर.

"काका, खड्डा आला की शॉक ॲब्सॉर्बर आपोआप सैल होतो, वळणावर कडक. आलेख बघा, अगदी लोण्यासारखा!"

"पुढं लोणीच आहे, मॅडम. मागं झोपाळा आहे."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर पुढे असता."

"आरशात दिसतं ना. प्रत्येक गतिरोधकानंतर दोन-तीनदा डोलतात."

"कोण?"

"वाळूची पोती. माणसांच्या वजनाची म्हणून तुम्हीच बसवलीत."

"मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"पोत्यांची तक्रार नाही, मग मी कशाला मध्ये तोंड घालू?"

"शनिवारी डिझाइनवर सही व्हायचीय, काका!"

"साहेब म्हणतात, चालतंय तर चालू द्या."

"नाही चालणार. खड्डा संपल्यावर मागचा शॉक ॲब्सॉर्बर पुन्हा कडक व्हायला उशीर लावतोय. तो उशीर मी काढणार म्हणजे काढणार. उद्या पोती उतरवा, मागे मी बसते."

शिक्षिकाबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही? तुम्हाला तर कंपनीच्या बसमध्येसुद्धा गाडी लागते!"

"म्हणूनच मी."

"पिशव्या किती आणू?"

"चाळीस फेऱ्यांना पुरतील एवढ्या."